गोष्टींच्या पेट्या: संडे स्कूलसाठी हाताने चालवायच्या किटच्या नोंदी

९ जून

संडे स्कूलच्या (चर्चमधल्या रविवारच्या वर्गाच्या) मुलांसाठी बायबलमधल्या गोष्टींच्या पेट्या करायचं बरेच दिवस नुसतं बोलणं चाललं होतं, आता खरंच सुरू केलंय आणि नोंदी ठेवतेय, म्हणजे दुसऱ्या कुणाला करायच्या असतील तर आमचा जिथे वेळ गेला तिथे त्यांचा जायला नको.

एक गोष्ट, एक पेटी. आत लाकडी बाहुल्या, कापडं, मोजक्या वस्तू आणि सांगणाऱ्यासाठी एक कार्ड. सांगणारा मुलांबरोबर जमिनीवर बसतो, गोष्ट मुलं हाताने चालवतात, आणि वर्ग संपल्यावर पेटी बंद करून कपाटात जात नाही, ज्याला परत खेळायची तो घेऊन बसतो. ही वाट आधी चाललेली माणसं आहेत. सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी १९५४ मध्ये रोममध्ये माँटेसरी पद्धतीने मुलांच्या हातात असं साहित्य द्यायला सुरुवात केली, आणि जेरोम बेरीमन यांचं गॉडली प्ले (वस्तू हाताळत बायबलच्या गोष्टी सांगायची पद्धत) पण त्याच मुशीतलं. आम्ही त्यांचं जसंच्या तसं काही घेतलेलं नाही, पण हातात वस्तू असली की मूल गोष्टीत शिरतं हे त्यांच्याकडूनच शिकलो.

सुरुवातीला येशूच्या शुभवर्तमानांतल्या चार गोष्टी घेतल्यात (लूक, मार्क, मत्तय ही त्या पुस्तकांची नावं, पुढचा आकडा अध्यायाचा). हरवलेलं मेंढरू (लूक १५), छप्परातून खाली सोडलेला पक्षघाती माणूस (मार्क २), पेरणारा आणि वादळ (दोन्ही मार्क ४). नोहाचं तारू सगळ्यांनाच हवं होतं पण ते बाजूला ठेवलं. प्राण्यांच्या जोड्या करण्यातच सगळा वेळ जाईल आणि मुलाला शेवटी काम काय, तर प्राणी आत भरायचे.

बैठकीत प्रत्येकाने वस्तूंची यादी काढली. मेंढराच्या गोष्टीला कुंपण, लांडगा, काटेरी झुडूप, कडा, झरा, कुत्रा असं लांबत गेलं. मग लूक १५ मधली चौथ्या वचनापासून सातव्यापर्यंतची वचनं मोठ्याने वाचली आणि पेन्सिलने फक्त क्रियापदं अधोरेखित केली. सोडतो, शोधत जातो, सापडतं, खांद्यावर घेतो, घरी येतो, बोलावतो. लांडगा कुठेच नाही, काटे नाहीत, कडा नाही. कुंपण तर नाहीच, कारण नव्याण्णव मेंढरं तो रानात सोडून जातो. (मत्तय १८ मध्ये डोंगरावर.) सगळ्यांच्या डोक्यात चित्रातलं कुंपण इतकं घट्ट बसलेलं की दोघींनी परत उघडून बघितलं.

त्यावरून नियम ठरला आणि पुढे सगळं काम त्याच्यावरच चाललं: ज्या वस्तूला गोष्टीत काही करायचं आहे तीच पेटीत जाणार. नुसती शोभेची वस्तू नको.

१४ जून

बाहुल्या. हात नसलेल्या, गोल डोक्याच्या, खुंटीसारख्या लाकडी. मोठी माणसं ९ सेंमी, मुलं ६ सेंमी. जाडी मात्र सगळ्यांची ३.५ सेंमी ठेवली, त्यामागे कारण आहे. खेळण्याच्या सुरक्षिततेसाठी जी छोट्या भागांची चाचणी असते तिच्या नळकांड्याचा आतला व्यास ३१.७ मिमी असतो, त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते असं धरतात. आमची मुलं चार ते आठची आहेत पण धाकटी भावंडं बरोबर येतातच, म्हणून सगळ्या पेट्यांत हेच माप पाळायचं ठरवलं. याच कारणाने लोहचुंबक कुठेच वापरायचं नाही, पोटात दोन गेले तर आतड्याला भोक पडेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

पॉलिश पेपर आधी १२० नंबर मग २२०. त्यानंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या आणि परत २२० हलका फिरवा, कारण पाणी लागलं की लाकडाचे तंतू उभे राहतात, आणि ते आत्ताच काढले नाहीत तर रंग दिल्यावर बाहुली खरखरीत लागते.

तोंडं रंगवायची की नाही यावर बराच खल झाला. नमुन्याला दोन बाहुल्यांना तोंड काढून मुलांना दिल्या, एकीची भुवई जरा तिरकी झाली होती तर मुलांनी लगेच तिला वाईट माणूस ठरवलं आणि मग ती दुसऱ्या कुठल्याच कामाला येईना. आता एकालाही डोळे-तोंड नाही. तीच बाहुली आज शेजारी, उद्या शिष्य. आणि मुलं रडवेलं, घाबरलेलं, खूश, सगळं स्वतःच्या आवाजाने भरतात.

अंगाचा रंग लाकडाचाच, त्यावर गडद डाग देऊन वेगवेगळ्या तपकिरी छटा. येशू गालीलातला यहूदी होता, गुलाबी गालाचा आणि सोनेरी केसांचा करायचा काही प्रश्नच नव्हता. ओळखू यावा म्हणून त्याच्या खांद्यावर मळकट पांढरी लोकरी पट्टी, चारही पेट्यांत तीच.

तेल जवसाचं लावलं. एक फार महत्त्वाचं: जवसाच्या तेलाचे भिजलेले बोळे चुरगळून डब्यात टाकू नका. वाळताना त्यात उष्णता धरते आणि ते आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

२३ जून

शंभर मेंढरांचं काय करायचं हा मोठा प्रश्न. शंभर शिवली तर वर्ष जाईल, दहा केली तर मुलं पहिला प्रश्न विचारणार की बाकीची कुठे, आणि बरोबरच आहे, गोष्टीचा सगळा जोर शंभरातल्या एकावर आहे.

शेवटी एक मीटर बाय एक मीटर जाड सुती कापड घेतलं, खोडरबरावर मेंढराचा ठसा कोरला आणि कापडाच्या रंगाने दहा ओळी, दहा रांगा असे ठसे मारले, एक जागा मोकळी ठेवून. त्या मोकळ्या जागेवर फेल्टचं सुटं मेंढरू. ते उचललं की भोक पडल्यासारखं दिसतं. जागा आधी कोपऱ्यात ठेवली होती, कुणाच्या लक्षातच येईना, कापड तिथेच संपल्यासारखं वाटत होतं. मधोमधच्या जरा बाजूला ठेवली तर लांबून नजर जाते.

रंग वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवली, नाहीतर धुण्यात जातो. ठसे आखून मारा पण तोंडं एकाच दिशेला नकोत, एक दोन ठसे उलटे कोरून घ्या, नाहीतर कवायत चालल्यासारखं दिसतं.

२ जुलै

सुट्या मेंढराने सगळ्यात जास्त दमवलं. ते मेंढपाळाच्या खांद्यावर बसलं पाहिजे, गोष्टीत तसं आहे. आणि खांदा म्हणजे गोल लाकूड, हात नाहीत धरायला.

आधी कापूस भरून छान गुबगुबीत केलं, खांद्यावर ठेवलं की गडगडत खाली. मग पायात तार घातली म्हणजे पाय गळ्याभोवती वाकवता येतील. बसलं छान, पण मुलं ते सारखं वाकवणार, आणि थोड्याच वाकवण्यात तारेचं टोक फेल्टमधून बाहेर आलं. डोळ्याजवळ जाणारी वस्तू आहे, तार ताबडतोब रद्द.

जमलं ते असं. पोटात काहीच भरायचं नाही, दोन्ही थर नुसते एकमेकांवर शिवायचे. डोक्यात आणि मागच्या भागात धुऊन कडकडीत वाळवलेली वाळू, तीही सुती कापडाच्या चिमुकल्या पिशवीत दुहेरी शिवून मग आत. मधलं पोट लुळं आणि दोन्ही टोकं जड, त्यामुळे खोगिराच्या पिशवीसारखं ते मानेवर दोन्हीकडे लोंबतं आणि पडत नाही. पाय जरा लांब ठेवा. कडेला काजटाका, धावदोरा उसवतो. फेल्ट लोकरीचं घ्या, अॅक्रिलिकच्या फेल्टला हाताळून हाताळून गोळे येतात. लोकरीचं मात्र गरम पाण्यात घालू नका, आटतं.

पहिल्यांदा ते खांद्यावर बसलं आणि मी बाहुली हातात धरून खोलीभर चालवली, तरी ते तिथेच. त्या क्षणी वाटलं हे होणार.

११ जुलै

मेंढराची पेटी वर्गात नेली. चुरगळलेलं तपकिरी कापड म्हणजे रान, एकाने घडीत मेंढरू लपवायचं आणि दुसऱ्याने मेंढपाळ घेऊन शोधायचं.

दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे सांगणाऱ्याला घाई होते. मूल शोधतंय, वेळ जातोय, बाकीची चुळबुळ करतायत, मग ताई हळूच घडीकडे बोट दाखवतात. पण "ते सापडेपर्यंत" हे शब्द गोष्टीतच आहेत! म्हणून कार्डावर आता ठळक लिहिलंय, इथे थांबा, सापडेपर्यंत पुढचं वाक्य म्हणू नका. थांबल्यावर काय होतं तर चुळबुळ करणारी मुलंच पुढे सरकून शोधायला लागतात आणि सापडलं की जो ओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो, शेजाऱ्यांना बोलावून आनंद करा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वर्गात एक मुलगी आहे तिला दिसत नाही. बाहुली, फेल्टचं मेंढरू, रानाचं कापड सगळं तिने हातात घेऊन नीट बघितलं, पण शंभराच्या कापडावर तिचा हात फिरला आणि तिथे तिच्यासाठी काहीच नव्हतं, सपाट कापड. जी मोकळी जागा म्हणजे अख्खी गोष्ट, ती तिला मिळालीच नाही.

१७ जुलै

प्रत्येक छापील मेंढरावर लोकरीची एक जाड गाठ घालायला घेतली. नव्याण्णव गाठी. दोरा मागे नेऊन परत गाठ मारायची, नाहीतर ओढून निघते. सगळ्यांनी वाटून घेतलं, तरी पेटीतल्या दुसऱ्या कुठल्याही कामापेक्षा याला जास्त वेळ गेला आणि त्यातली एकही गाठ वाया गेली असं मला वाटत नाही.

१८ जुलै

त्या मुलीने कापड मांडीवर घेतलं. डावा हात कडेला, उजव्या हाताची बोटं ओळीने एकेक गाठ मोजत सरकत होती, पाचव्या ओळीत मधेच बोट थांबलं, मागे गेलं, पुढे गेलं, परत त्याच जागी आलं. "इथलं गेलंय." मग बाकीच्यांनाही डोळे मिटून जागा शोधायची होती आणि त्यातच वर्ग संपला.

यापुढे प्रत्येक पेटी डोळे मिटून चालवून बघायची. जिथे अडेल तिथे वस्तू बदलायची.

२६ जुलै

छप्पराची पेटी. घर ३० सेंमी लांब-रुंद, २५ सेंमी उंच, ६ मिमी प्लायवूड, पुढची भिंत नाही म्हणजे आतलं दिसतं. पुठ्ठ्याचं करून बघू नका, चार मुलं एकदम टेकली की बसतं. बाहेरून जिना, कारण ती घरं सपाट छपराची असायची आणि वर जायला बाहेरून पायऱ्या.

छप्पर कसं करायचं? लूक ५ मध्ये कौलांतून सोडला असं आहे, मार्क २ मध्ये छप्पर उकरून. उकरण्यात हाताला काम जास्त म्हणून मार्क घेतला. तिकडची छपरं लाकडी वासे, त्यावर फांद्या किंवा बोरू, त्यावर माती अशी असायची, तेव्हा तीन थर करायचे.

माती म्हणून दोन भाग पीठ, एक भाग मीठ, एक भाग पाणी असं मळून थापलं. वाळल्यावर छान दिसलं, पण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि दमट दिवसात सगळं चिकट झालं. हवेत वाळणारी तयार क्ले आणली तर ती एकदा फोडली की संपली, आणि हे छप्पर तर दर वेळी फुटणार. यात बराच वेळ गेला. आता मातीसाठी जाड तपकिरी फेल्टचे वेडेवाकडे तुकडे एकावर एक पसरतो, खाली काटक्या दोऱ्याने विणलेल्या चटया, त्याखाली वासे म्हणजे भिंतीच्या खाचेत नुसत्या ठेवलेल्या गोल काठ्या. एकेक थर काढत जायचं. मुलांना फेल्टचे तुकडे खाली बसलेल्या लोकांच्या डोक्यावर पाडायचे असतात, पाडू देतो, तसंच झालं असणार ना.

३ ऑगस्ट

बाज. ११ बाय ५ सेंमीची फळी, चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, चार मुलांच्या हातात चार टोकं. मार्कमध्ये चौघांनी उचलून आणला असं स्पष्ट आहे, त्यामुळे ही गोष्ट एकट्याने चालवताच येत नाही आणि ते फार छान जमून आलंय.

पण चौघं सारख्या वेगाने दोरी सोडत नाहीत. एक कोपरा खाली जातो आणि माणूस घरंगळून येशूच्या डोक्यावर. फळीला ८ मिमीची कड लावली, तरी पडायचा. मग फळीखाली मधोमध एक जड वॉशर चिकटवून वरून कापड शिवलं, वजन खाली गेल्यावर बाज डुलते पण उलटत नाही. माणूस उभा न ठेवता आडवा ठेवायचा आणि वरून पांघरूण खोचायचं.

दोऱ्यांच्या टोकांना ३५ मिमीचे मोठे लाकडी मणी, प्रत्येक वेगळ्या आकाराचा, गोल, चौकोनी, लांबट, चपटा. गुंता झाला तर हाताने ओळखता येतं कुठली कुणाची. दोऱ्या लांब आहेत, गळ्यात अडकू शकतात, त्यामुळे ही पेटी मोठं कुणी जवळ असेल तेव्हाच उघडायची, तसं झाकणावरच लिहिलंय.

५ ऑगस्ट

क्रियापदांची यादी परत काढली तर शेवटचं राहिलंच होतं. तो उठला आणि बाज उचलून सगळ्यांदेखत निघाला. आमची बाज दोऱ्यांना बांधलेली, उचलणार कशी? आता दोरीच्या टोकाला फास आहे आणि फळीच्या कोपऱ्याला खाच, फास सहज निघतो. फळीच्या खालच्या कापडावर इलॅस्टिकची पट्टी शिवली, त्यात बाहुली अडकवली की बाज तिच्या पाठीवर. मुलं त्याला जिन्यावरून, दारातून, वर्गभर सगळीकडे चालवून आणतात.

१६ ऑगस्ट

पेरणारा. खरं बी वापरायचं नाही हे आधीच नक्की होतं. छोटे दाणे नाकात-कानात जातात, आणि मोहरीएवढं काही सांडलं की वर्ग झाडण्यात जातो. ४ सेंमीच्या फेल्टच्या चकत्या हेच बी.

सव्वा मीटर लांब कापडी पट्टी, चार भाग. वाट म्हणजे कडक कॅनव्हास, खडकाळ जागेत कापडाखाली गुळगुळीत गोटे शिवलेले, काट्यांच्या जागी जाड हिरव्या दोऱ्यांची जाळी, चांगली जमीन म्हणजे मऊ, आत हात जाईल असा खिसा. डोळे मिटून हात फिरवला तरी चारही वेगळ्या लागतात. पाखरू म्हणजे हातात घालायचा कापडी पक्षी, चोच उघडते आणि चकती गिळते.

खडकाळ जागेचं कोंब हे या पेटीतलं माझं सगळ्यात आवडतं काम. हिरव्या फेल्टचं रोप, खाली आखूड इलॅस्टिक, कापडाच्या फटीतून वर ओढलं की झटकन येतं आणि सोडलं की परत आत जातं. मूळ नव्हतं म्हणून वाळून गेलं, हे सांगायला शब्दच लागत नाहीत, मुलं दोनदा-तीनदा ओढून बघतात, ते राहतच नाही.

चांगल्या जमिनीत तीन फिती, त्यावर कणसं शिवलेली. लांबी ३० सेंमी, ६० सेंमी आणि १०० सेंमी. तीसपट, साठपट, शंभरपट. तिसरी फीत ओढताना मुलं उठून मागे मागे चालत जातात. फीत आधी साटीनची होती, तिचे धागे निघायला लागले म्हणून सुती निवारीची अरुंद पट्टी घेतली. परत भरताना कोंबली तर पुढच्या वेळी आतच अडकते, नागमोडी घडी घालून ठेवायची. टोकाला लाकडी आडवी काडी शिवा, नाहीतर सगळी फीत खिशातून बाहेर येते.

२४ ऑगस्ट

वादळ लवकर झालं. निळं कापड चौघांनी धरून हलवायचं, मधे होडी. होडीत बाहुल्यांच्या मापाची भोकं पाडली म्हणजे उडून पडत नाहीत. मागच्या बाजूला आडवी खळगी आणि उशी, येशू तिथे झोपलेला, आणि उठल्यावर त्याला उभा करायला शेजारीच एक मोकळं भोक. मार्कने सांगितलंय की बरोबर आणखी होड्याही होत्या, म्हणून दोन छोट्या होड्या, उशिरा आलेल्या मुलांच्या हातात द्यायला उपयोगी पडतात.

अडलं ते कापडावर. आधी पातळ सिंथेटिक आणलं होतं, लाटा फार सुंदर यायच्या. पण येशू वाऱ्याला धमकावतो, मुलं हात थांबवतात आणि कापड मात्र सळसळत राहतं, हात नुसता श्वासाने हलला तरी आवाज. वादळ थांबलंय असं वाटतच नाही. सुती मलमल घेतली. लाट थोडी कमी येते पण हात थांबला की कापड एकदम गप्प. दिसत नाही त्या मुलीला तर वादळ कधी थांबलं ते फक्त आवाजावरून कळणार होतं, तेव्हा हा बदल करायलाच हवा होता.

२ सप्टेंबर

कार्डं. डावीकडे काय म्हणायचं, उजवीकडे हाताने काय करायचं. वाक्यं बोलीभाषेत पण येशूचे शब्द पवित्र शास्त्रातलेच ठेवले. लॅमिनेशन चकचकीत नको, दिव्याखाली वाचता येत नाही, आणि कोपरे गोल कापा, धारदार असतात.

मागच्या बाजूला प्रश्न. आधी जे लिहिले होते ते सगळे परीक्षेचे निघाले, मेंढरं किती होती, मित्र किती होते. ते काढून टाकले. आता असे आहेत: मेंढपाळ गेला तेव्हा बाकीची मेंढरं काय करत असतील? वर छप्पर उकरताना त्या बाजेवरच्या माणसाला काय वाटत असेल? घरमालक काय म्हणाला असेल? उत्तर आलं नाही तरी चालेल. तात्पर्य कार्डावर कुठेच लिहिलेलं नाही, एक-दोन पालकांना ते खटकलं, पण गोष्ट हातात धरलेलं मूल काय बोलतं ते एकदा वर्गात येऊन ऐका एवढंच त्यांना सांगितलं.

१२ सप्टेंबर

खर्चाचं विचारत होते काही जण. सगळ्यात जास्त पैसे लाकूड आणि पेट्यांना गेले, मग लोकरीचं फेल्ट. कापड, फिती, दोरे यांचा फार नाही. बचत करायची तर पेट्यांवर करा, कुठलीही घट्ट झाकणाची पेटी चालते. फेल्टवर करू नका. कुणी तयार प्लास्टिकचे प्राणी-माणसं दिली तर प्रेमाने घ्या पण या पेट्यांत मिसळू नका, माप जुळत नाही, माणसापेक्षा मोठं मेंढरू आलं की मुलं त्यावरच अडकतात.

१९ सप्टेंबर

पेट्या घरी न्यायला द्यायला लागलो. परत येताना तुकडे हरवतात म्हणून तळाला प्रत्येक वस्तूच्या आकाराची बाह्यरेषा दोरा चिकटवून काढली, बोटाला लागते, रिकामी जागा लगेच कळते. प्रत्येक पेटीची खूण वेगळी, बाहुल्यांच्या बुडाला एक खाच, दोन खाचा अशा, त्यामुळे मिसळल्या तरी वेगळ्या करता येतात. पेटी भरायचं काम मुलांनाच द्या. आणि सुटं मेंढरू आधीच दोन जास्तीची शिवून ठेवा, ते हरवणार, सगळ्यांना तेच उशाशी घेऊन झोपायचं असतं.

५ ऑक्टोबर

नाताळाच्या पेट्यांचं काम सुरू. पेट्या म्हणतेय कारण त्या दोन करतोय, लूकची वेगळी आणि मत्तयची वेगळी. लूकमध्ये गव्हाणी, मेंढपाळ, देवदूत. मत्तयमध्ये तारा, मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी), सोनं, ऊद, गंधरस, आणि ते येतात ते घरात. मागी तीन होते असं कुठे लिहिलेलं नाही, उंटही नाहीत, त्यामुळे उंट कापायचा वेळ वाचला. मागी किती ठेवायचे ते मुलांवर सोडणार, पाच-सहा बाहुल्या देऊन.

१८ ऑक्टोबर

पुनरुत्थानाची (येशू कबरेतून परत उठला त्या गोष्टीची) पेटी आतापासूनच घेतलीय कारण तिचा दगड अवघड आहे. १५ सेंमी व्यासाची लाकडी चकती, खाचेतून लोटत नेऊन कबरेचं तोंड बंद करायचं. बंद करायचं काम मुलाचं, कारण मार्क १५ मध्ये अरिमथाईकर योसेफ दगड लोटून लावतो. उघडायचं मात्र मुलाच्या हाताने नको, स्त्रिया येऊन पाहतात तेव्हा दगड आधीच सरकलेला असतो, आणि आमच्या नियमाप्रमाणे जे काम गोष्टीत त्या माणसांच्या हाताने झालेलं नाही ते पेटीतही त्यांच्या हातात द्यायचं नाही. म्हणून खाचेला दारापासून लांब जाणारा उतार दिला. मुलाने चकती चढवत आणून पाचर लावायची, वरून काळं कापड टाकायचं, आणि कापडाखालून सांगणाऱ्याने दोरीने पाचर ओढायची.

४० सेंमीला २ सेंमी उतार दिला तर चकती धाडकन टोकाला आपटते आणि कापडाखाली काय झालं ते सगळ्यांना कळतं. उतार कमी केला तर मधेच थांबते. आता उतार तोच ठेवून खाचेत फेल्टची पट्टी आणि शेवटी लोकरीचा आडोसा लावून बघणार आहे. जमलं की मापं टाकते, कुणी आधी केलं असेल तर उतार किती ठेवला ते सांगा.